सातूचे मडके आणि जनीचे जाते

मनोराज्य करणाऱ्या माणसाची थट्टा करावयाची असली म्हणजे आमचे कीर्तनकार एक जुना दृष्टांत हमखास देतात. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातला तो आहे. एका कंजूष ब्राह्मणाला भिक्षेत सातूचे पीठ मिळते. खाऊन उरलेले पीठ तो मडक्यात भरतो, मडके खुंटीला टांगतो आणि त्याच्याखाली खाट टाकून रात्रभर त्याच्याकडे टक लावून पडतो. दुष्काळ पडला की या पिठाचे शंभर रुपये येतील. त्याच्या दोन शेळ्या, शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या, घोड्यांचे सोने आणि सोन्याचा चौसोपी वाडा. मग कोणीतरी आपण होऊन घरी येईल आणि रूपवती कन्या देईल. मुलगा होईल, त्याचे नाव सोमशर्मा. तो रांगत रांगत घोड्याच्या टापांजवळ येईल. 'अगं, पोराला उचल' असे आपण बायकोला ओरडून सांगू. ती कामात असल्यामुळे तिला ऐकू जाणार नाही. मग आपण उठू आणि तिला एक लाथ मारू! ब्राह्मण खरोखरच लाथ झाडतो, मडके फुटते, आणि महाराज डोक्यापासून पायापर्यंत पांढरे.

येथे हशा पिकतो. टाळकरी मान डोलावतात, बुवा 'विठ्ठल विठ्ठल' म्हणून पुढच्या चरणाला लागतात. हा दृष्टांत आम्ही सर्वांनीच किती वेळा ऐकला असेल त्याची गणती नाही. पण मडके फुटले हेच आम्हां सर्वांना दिसते. ती लाथ कोणाला मारली हे कोणी विचारीत नाही. जिच्याशी अजून सोयरीक नाही, जिचा बाप अजून दारात आला नाही, अशा बाईला हा गृहस्थ लाथ मारून मोकळा झाला. आणखी एक पाहावे. मुलाचे नाव ठरले, बायकोला मात्र त्या साऱ्या गोष्टीत नावच नाही.

पुढे कधीतरी होणाऱ्या संसाराचे चित्र मनात रंगवावे की नाही, हा प्रश्न वारकऱ्याला पडतो तो येथून पडावा असे आम्हांस वाटते. 'स्वप्न खोटे म्हणून वाईट' एवढ्यावर तो सुटत नाही. खोटे तर उद्याचे सारेच असते. पेरणी करणारा शेतकरी मृगात जे कणीस डोळ्यांपुढे आणतो तेही त्या दिवशी खोटेच की. ते चित्र मनात नसते तर पदरचे बी मातीत कोणी टाकले असते?

वैराग्याच्या बाजूने बोलणारे म्हणतील, गीतेच्या सहाव्या अध्यायात संकल्पातून उपजणाऱ्या कामना टाकण्यास सांगितले आहे, मग संसाराचे हे संकल्प कशाला जोपासता? म्हणणे खरे आहे, योगाच्या वाटेवर ते शिरसावंद्यही आहे. परंतु आमचा पंथ मुख्यत्वे प्रपंची माणसांचा. गळ्यात माळ घालणारा घरदार सोडीत नाही. एकादशी धरतो, वारी करतो आणि द्वादशी सोडून घरी परत येतो. आणि संसाराचे जसे मनोराज्य असते तसे वैराग्याचेही असते, हे आळंदीच्या विठ्ठलपंतांच्या चरित्रात दिसते. पत्नी रुक्मिणीबाई मागे असताना ते काशीला गेले आणि संन्यास घेऊन बसले. गुरू आळंदीस आले, त्या माउलीची हकीकत त्यांनी ऐकली, आणि शिष्याला घरी परत धाडले, अशी परंपरा आहे. पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे त्या घरात जन्मली. ज्या संसाराला लोकांनी 'असा संसार असूच नये' म्हणून वाळीत टाकले, त्याच घरातून ज्ञानेश्वरी आली.

मागे एका वारीत आमच्या दिंडीत हा प्रश्न निघाला होता. दिंडी परभणी जिल्ह्यातली. मुक्काम पडला, हरिपाठ झाला, पंगती उठल्या. एक पस्तिशीकडे आलेला मुलगा पाय चेपीत जवळ बसला. चार एकर वावर, विहीर आहे, पण पाणी माघापर्यंतच. घरी म्हातारी आई. स्थळे पाहून पाहून थकलेला. तो म्हणाला, "महाराज, गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाईन असते. मोटार चालू करून आखाड्यावर बसलो की मनात घर उभं राहतंय. बायको हाय, दोन लेकरं हायेत. धाकट्याला सायकलीवर बसवून शाळंत सोडतोय. नावं बी ठिवलीत मी त्यांची. मग लाईन जाते, मोटार बंद पडते, आन् घर बी जातंय. हे पाप हाय का?"

एक जाणते वारकरी चटकन म्हणाले, "तेवढ्या वेळात नाम घेतलं असतंस तर काही पदरात पडलं असतं." मुलगा खाली मान घालून बसला. उत्तर शास्त्राला धरून होते, पण त्या पोराच्या पोटात ते शिरले नाही हे आम्हांस दिसत होते. तेवढ्यात शेजारी वाती वळीत बसलेल्या एका आजीने तोंड उघडले.

"का रे बाळा, तुझ्या त्या घरात चूल कोण पेटवतं?"

"ती पेटवती की, आजी."

"आन् पाणी कोण आणतं?"

"तीच."

"लेकरू रातचं रडलं तर?"

"ती उठती."

"मग तू काय करतुस तिथं?"

मुलाने थोडा विचार केला. "मी वावरातून घरी येतो," तो म्हणाला. मंडळी हसली, तोही हसला. आजी मात्र हसली नाही. तिने पुढची वात वळायला घेतली.

त्या आजीला पंचतंत्र ठाऊक नसेल. परंतु कीर्तनात जे कोणी विचारीत नाही ते तिने विचारले. मनोराज्यातल्या माणसांचे एक वैशिष्ट्य असते. ती कधी थकत नाहीत, कधी 'नाही' म्हणत नाहीत, त्यांना माहेरची आठवण येत नाही. आपण त्यांना जसे उभे करू तसे ती उभी राहतात. असा संसार मनात दहा वर्षे केला आणि मग खरे माणूस घरात आले, की पहिल्याच महिन्यात आपण म्हणू लागतो, 'मला वाटलं होतं तशी ही नाही.' नसणारच! सोमशर्म्याच्या आईलाही हाक ऐकू गेली नव्हती. तिला काम होते.

हा मुलगा एकटा नाही, म्हणून याविषयी लिहिण्याचे कारण. परभणी, हिंगोली, बीड, जालना या बाजूच्या कोणत्याही खेड्याच्या पारावर बसावे; तिशी उलटलेली, निर्व्यसनी, कष्टाळू, आणि लग्न न जमलेली पोरे डझनाने भेटतील. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अशा तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर मोर्चा नेला आणि 'आम्हांला नवरी मिळवून द्या' असे निवेदन दिले. वर्तमानपत्रांनी त्याची गंमत केली. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

याचे कारण सांगताना लोक शेतीच्या भावाकडे बोट दाखवितात. कापूस, सोयाबीन यांचे काय चालले आहे हे आम्हीही पाहतो; मुलीच्या बापाला नोकरीवाला जावई हवा असतो, हेही खरे. पण त्याच्या जोडीला एक दुसरे कारण आहे, आणि त्याचा संबंध थेट मनोराज्याशी आहे. २०११ च्या शिरगणतीत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलांमागे मुली ८०७ भरल्या. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता. आमचा परभणी जिल्हाही नऊशेच्या आतच राहिला. गर्भाचे लिंग पाहण्याला बंदी घालणारा कायदा १९९४ साली झाला होता, तरी हे झाले. हजारामागची ती शे-दोनशे लेकरे कोठे गेली? ती आमच्या मनोराज्यात नव्हती, म्हणून जगातही आली नाहीत. आईबापांनी जो संसार मनात रंगविला त्यात सोमशर्मा होता, एक नव्हे दोन होते. त्याची बहीण त्या चित्रात कोणी काढलीच नव्हती. आज त्या सोमशर्म्याला बाशिंग बांधून घोड्यावर बसावे लागते. त्या पोराचा यात काही अपराध नाही, एवढे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. मडके वाडवडिलांनी फोडले, पीठ याच्या अंगावर सांडले.

आणि ज्या मुली आहेत त्यांच्याही मनात एक घर असतेच की. कॉलेजात जाणारी शेतकऱ्याची मुलगी 'खेड्यात देऊ नका' म्हणते तेव्हा मंडळी तिला शहराचे वेड लागले म्हणतात. तिने आईला पाहिले आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही. आई पहाटे उठली, वावरात राबली, दिवेलागणीला घरी येऊन पुन्हा चुलीपाशी बसली. आणि बाप 'वावरातून घरी आला'. ती मुलगी शेताला नाही म्हणत नसून त्या घराला नाही म्हणत असेल, असा विचार आमच्या मनात येतो.

आता संतांची घरे पाहू. मनोराज्यातला संसार कोणाच्या वाट्याला आला होता? तुकोबांची वडील पत्नी आणि मुलगा १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात गेली. पैठणला नाथांच्या घरी साक्षात शांतिब्रह्म नांदत होते, तरी पुत्र हरिपंडित बापावर रुसून काशीला निघून गेले. वडील प्राकृतात पुराण सांगतात, परान्न घेतात, हे त्या विद्वान मुलाला रुचले नाही, अशी कथा आहे. नाथांनी त्या मुलाला मनाने हाकलून दिले नाही. त्याच्या अटी ऐकून घेतल्या. नामदेवांच्या घरी तर आई गोणाई आणि पत्नी राजाई यांची तक्रार रोजची. घरात दाणा नाही आणि हा आपला राउळात. ही तक्रार आम्हांस ठाऊक कशी? गोणाई आणि राजाई यांच्या नावावरचे अभंग नामदेवांच्या गाथ्यात छापलेले असतात, म्हणून. नवऱ्याच्या अभंगांच्या पोथीत बायकोचे गाऱ्हाणे जपून ठेवणारी परंपरा आपली आहे. सातूच्या ब्राह्मणाच्या बायकोला नावसुद्धा नव्हते, येथे राजाईला स्वतःचा अभंग आहे. संसार म्हणावा तर याला.

लेकराची आस धरणे हीन आहे असे संतांनी मानलेले दिसत नाही. चोखोबांच्या सोयराबाईंना मूल हवे होते आणि त्यांनी ते विठ्ठलापाशी बोलून दाखविले. बाळंतपणाच्या वेळी चोखोबा घरी नव्हते. तेव्हा देव नणंदेचे, म्हणजे निर्मळेचे, रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केले, असे सांप्रदायिक मंडळी सांगतात. ही कथा ऐकताना आम्ही चमत्कारावर बोट ठेवतो. कामावर ठेवावे. देवाने येऊन आशीर्वादाचा हात वर केला नाही. पाणी तापविले, आईला न्हाऊ घातले, मुलाला पुसले. वेशीबाहेरच्या ज्या घरात गाव पाऊल टाकीत नव्हते त्या घरात त्याने हे केले.

येथून आम्ही आमच्या गोदाकाठच्या गंगाखेडला येतो. जनाबाई तेथल्या. आई करुंड, बाप दमा. बापाने लहानपणीच मुलीला पंढरीस दामाशेटींच्या घरी पोहोचते केले. त्यानंतर जनी गंगाखेडला नांदायला परतली नाही. नामदेवांचे मूळ गाव म्हणून सांगितले जाणारे नर्सी हेही १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. धनी आणि दासी दोघेही एका मुलखातले, असे आमच्या बाजूच्या लोकांना सांगायला आवडते, आणि आम्हीही ते सांगून घेतो.

त्या भरल्या घरात दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई, चार मुलगे, सुना, लेक अशी मंडळी होती, आणि त्यांत जनी. दळण, कांडण, शेण, पाणी, झाडलोट. तिला मूल नाही, घर नाही, दिवसाच्या अखेरीस 'वावरातून आलो' म्हणणारे कोणी नाही. मनोराज्य करायला तिच्याइतका हक्क दुसऱ्या कोणाचा असेल? आणि तिने ते केले. आई, बाप, सखा, सोबती, सगळ्या रिकाम्या जागी तिने विठोबाला आणून बसविले. ज्ञानी माणूस याला भक्ती म्हणेल, हिशेबी माणूस मनाचे खेळ म्हणेल. आम्ही त्या वादात पडत नाही. तिच्या त्या घरात कोण काय करीत होते, एवढेच पाहतो. तेथे विठोबा पाटावर बसून वाढून घेत नाही. तो जात्याशी बसतो, शेणी वेचतो, जनीचे केस विंचरतो. आणि उशीर झाला, चुकला, तर जनी त्याला फाडफाड बोलते. तिच्या मनोराज्यातल्या देवालासुद्धा बोलणी खावी लागली, कारण तो तिच्या घरातला माणूस होता.

तिचे दुसरे एक चित्र तर आमच्या खेड्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. विठोबा लेकुरवाळा बाप आहे आणि त्याच्या अंगाखांद्यावर संतांची लेकरे चढली आहेत. त्यांत आळंदीची चारही भावंडे आहेत, त्यांतल्या एकाचेही लग्न झाले नव्हते. त्यांत कुंभार आहे, शिंपी आहे, आणि ज्याला देवळाच्या पायरीच्या आत घेतले नाही तो चोखोबाही आहे. रक्ताचे नाते एकाचेही दुसऱ्या घराशी नाही. एवढी मुले तिने त्या बापाच्या अंगावर बसविली, पण स्वतःसाठी त्या चित्रात जागा ठेवली नाही. ती बाजूला उभी राहून पाहते आहे. आपल्या मनोराज्यात आपण एकही दिवस असे बाजूला उभे राहिलो आहोत काय?

त्या मुलाला आमच्याकडून काही उत्तर हवे होते. लग्न होईलच असे आम्ही त्याला सांगितले नाही. खोटा धीर देणारे मध्यस्थ त्याला पुष्कळ भेटतात आणि त्याबद्दल पैसेही घेतात. 'मनातले घर मोडून टाक' असेही सांगितले नाही. रात्रीच्या थंडीत विहिरीच्या काठाशी बसलेल्या माणसाजवळ तेवढेच असते. एवढे म्हणालो, की बाबा, तुझ्या त्या घरात तुझी आई कोठे आहे ते आम्हांस सांगितले नाहीस. तो दचकला. म्हातारी घरी एकटीच होती, शेजारच्या सुनेला सांगून तो वारीला आला होता, आणि मनातल्या घरात तिची खाट मांडायची राहून गेली होती. "मांडतो," म्हणाला. आणि धाकट्याचे नाव काय ठेवले आहेस, असे आजीने विचारले तेव्हा लाजून म्हणाला, "धाकटी हाय, आजी. पोरगी हाय." त्यानंतर त्या नावावरून दोघांचे बराच वेळ बोलणे चालले होते. आम्ही झोपलो.

पंढरपुराजवळ गोपाळपुरास आषाढी पौर्णिमेला काला होतो. दिंड्या तेथे येतात, लाह्या-दह्याचा प्रसाद घेतात आणि मग आपापल्या गावाच्या वाटेला लागतात. तेथे जनीचे जाते दाखवितात. त्या जागेला लोक 'जनाबाईचा संसार' म्हणत आले आहेत. जिने लग्न केले नाही, जिचे म्हणून एक भांडेही नव्हते, तिच्या दळणाच्या जागेला संसार हे नाव कोणाला सुचले असेल ते असो. ज्याला सुचले तो प्रपंच केलेला माणूस असावा. पूर्वी ज्यांनी पहाटे दळण घातले आहे त्या बायांना ठाऊक आहे, जड जात्याला दोघी लागतात. समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात, एकीने ओढायचे तेव्हा दुसरीने सोडायचे. जनीच्या समोर कोण बसत असे हे आम्हांस परंपरा सांगते. पंचतंत्रातल्या त्या ब्राह्मणाच्या चौसोपी वाड्यात जाते होते की नाही याचा उल्लेख कोठे नाही. त्याला पीठ आयतेच मिळाले होते.